निळी पडलेली गारी

“पांढरं मीठ देवाचं, निळं चेटकिणीचं!” प्रेषित नार्ते गरजला आणि सोंगोर खाजणाच्या काठावरची सगळी गर्दी मागे सरकली.

माकूने पोटावर हात धरला. सहावा महिना चालू होता. पहिलं मूल मुकंबहिरं जन्मलेलं, तिचा स्वतःचा गळा सुजलेला; म्हणून नर्स लामलेच्या सांगण्यावरून ती वर्षभर बायकांच्या गटाचं औषध फवारलेलं मीठ खात होती. आणि यंदा खाजणात मीठच धरेना. खाजणाच्या देवाच्या पुजाऱ्याने काठावर रोवलेल्या काठ्या उपटेपर्यंत पाण्यात उतरायची बंदी, अन् मीठ धरेपर्यंत तो काही त्या उपटत नव्हता. घरोघरी चुली थंडावल्या होत्या. दोष द्यायला कोणीतरी हवंच होतं.

प्रेषित महाशयांनी प्रत्येक घरातून चिमूटभर मीठ मागवलं होतं. भिजवलेल्या गारीवर, म्हणजे कसाव्याच्या कंदाच्या भाजक्या रव्यावर, ते टाकायचं, वर ‘पाप जाळणारं’ लिंबू पिळायचं आणि डोळे गरगर फिरवायचे. इतरांच्या साध्या मिठाने गारी पांढरीच राहिली; माकूच्या मिठाने मात्र निळीजांभळी पडली.

“हिनेच खाजण बाटवलं! पोटात काय वाढतंय कोण जाणे. गावाबाहेर काढा हिला!”

“मला आधीच संशय होता,” सासू पुटपुटली आणि माकूपासून लांब जाऊन उभी राहिली. माकूला ते फार लागलं. कोणीतरी दगड उचलला.

“थांबा!” लामले गर्दीतून पुढे घुसली. “प्रेषित, लिंबू न पिळता करून दाखवा की.”

“देवाची परीक्षा घेतेस?”

“देवाची कुठली? लिंबाची!”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. लामलेने माकूचंच मीठ ताज्या गारीवर टाकलं. गारी पांढरीच राहिली. मग लिंबू पिळलं, तशी ती निळी पडली.

“आपण मिठावर औषध फवारतो, त्यातलं आयोडीन आंबटाने सुटतं आणि कसाव्याला लागलं की निळं दिसतं. भातावर करा, तेच होईल. निळं म्हणजे औषध आहे. गारी पांढरी ठेवणाऱ्या मिठात ते नाही, म्हणून तर गळे सुजतात, मुलं मुकी होतात.”

“मग खाजणात मीठ का धरत नाही?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

“पाऊस लांबला, आजोबा. ऊन नाही, तर पाणी आटेल कसं?”

“एवढी खात्री आहे, तर हिला खायला सांग!” प्रेषित किंचाळला.

माकूने त्या गारीची वाटी हातात घेतली. लामले चुकली असेल तर? पोटातलं बाळ हललं. तिने डोळे मिटले आणि ती निळी गारी तोंडात घातली. आंबट, खारट. बस्स, एवढंच.

“आई, तुमच्या नातवासाठी खाल्लं,” ती रडत म्हणाली.

सासूने स्वतःच्या सुजलेल्या गळ्यावरून हात फिरवला. मग ती माकूजवळ आली आणि तिच्या हातातली वाटी घेऊन उरलेली गारी खाल्ली. प्रेषित केव्हा सटकला, कोणी पाहिलंच नाही.

भीती कोणालाही वाटते, त्यात लाज नाही. पण कोणाला गावाबाहेर काढण्याआधी, बाबांनो, एकदा लिंबू बाजूला ठेवून बघा.