प्रकाशाच्या नावेवरचा हँडल

मित्रांनो, मला हात लावण्याआधी घटकाभर थांबा. मी मोटारीचा एक जुना हँडल आहे. प्रकाशा या गावी तापीकाठी नावाड्यांची झोपडी आहे, तिच्या दारामागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो, आज तेवढा तुमच्याबरोबर नावेवर आलो आहे. दोन ठिकाणी वाकवलेली लोखंडी कांब, एका टोकाला लाकडी मूठ, दुसऱ्या टोकाला खाच, एवढेच माझे रूप. पण त्या काळी माझ्याशिवाय मोटार म्हणजे चार चाकांचा पलंग! तिच्या नाकात मला खुपसून जोराने गरकन फिरवावे, तेव्हा कुठे ती खोकत, थरथरत जागी व्हायची.

आणि मी मारका होतो. जागे होताना इंजिन कधीकधी उलटा झटका देई, आणि फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. धडधाकट माणसे हात धरून मटकन खाली बसलेली मी पाहिली आहेत. त्यात माझा राग नव्हता, यंत्राचा स्वभावच तसा. पण मोडलेल्या हाताला हे सांगून काय उपयोग?

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या कारखान्याचे मला आता धग आणि आवाज एवढेच आठवते. आगबोटीने मुंबई, मग सुरत, आणि सुरतेच्या एका व्यापाऱ्याचा मोटारीचा शौक फिटला तेव्हा शहाद्याच्या रतिलालभाई पाटलांनी त्याची मोटार माझ्यासकट विकत घेतली. मोटार शहाद्यात शिरली त्या दिवशी बैलांनी दावी तोडली. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी बोटे मोडली. पोरे मात्र धुळीतून नंदुरबारच्या वाटेपर्यंत आमच्या मागे धावली.

रतिलालभाई दिलदार होते. दारी आलेला उपाशी गेला नाही. पण थांबणे म्हणून काही असते, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हते. एक घास तोंडात आणि दुसरा हातात! मोटार त्यांनी घेतली ती याच स्वभावापायी, आणि पुढचे सगळे घडले तेही याच स्वभावापायी.

मोटार चालवायला त्यांनी भटूला ठेवले. भटू आधी त्यांच्याच बैलगाडीवर होता. सुरुवातीलाच मी त्याला प्रसाद दिला. मनगट सुजून भोपळा झाले. त्याची बायको धनुबाई हिने हळद-चुन्याचा लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि मग अंगणात येऊन मला उचलून नीट न्याहाळले.

"हाऊच का तो मारका?"

भटू हसला. "मारका शे. पन समजी लिधं म्हनजे काही करत नही. आंगठा बोटेसनासंगे ठेवाना. आनि गाडी गेअरमा ऱ्हायनी, ते याले हातच लावाना नही."

मित्रांनो, हे तुम्हीही ध्यानात ठेवा. अंगठा बोटांच्याच बाजूला असला तर झटक्यासरशी मूठ सुटते, हात वाचतो. आणि मोटार गिअरमध्ये असताना हँडल मारला, तर इंजिन सुरू होताच ती थेट पुढे उडी घेते, समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर. धनुबाईने ते ऐकून घेतले. पुढे दरवर्षी खंडेनवमीला मोटारीबरोबर ती मलाही कुंकू लावायची आणि हळूच बजावायची, "मन्हा मानूसना हात संभाळजो." भटू मला रोज तेलाच्या फडक्याने पुसायचा. तसे सुखाचे दिवस मला पुन्हा आले नाहीत.

शहाद्याहून नंदुरबारच्या स्टेशनला जायचे तर वाटेत तापी आडवी येते. तेव्हा पूल नव्हता. दोन नावा शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेल्या असत, त्यावर मोटार चढवायची. एका खेपेला एकच. नाव मगन भोयाची. मोटार घरंगळू नये म्हणून तो चाकांना पुढेमागे दगड लावायचा आणि ती गिअरमध्ये ठेवायला सांगायचा. मग हात पुढे करायचा. हँडल त्याच्या हाती दिल्याशिवाय नाव हलत नसे, आणि पलीकडे दोर बांधल्याशिवाय हँडल परत मिळत नसे. कोणाच्या खोडीने, कोणाच्या घाईने पाण्यावर मोटार सुरू होऊ नये, म्हणून ही रीत. मोठमोठे लोकही ती मुकाट्याने पाळत.

मग ती सारंगखेड्याची जत्रा आली. तापीकाठी घोड्यांचा बाजार भरला होता. घोडी पळाली, फेटे उडाले आणि घोड्यांवरून गोष्ट मोटारींवर घसरली. जालमसिंग गिरासे हे दुसरे मोटारवाले. मिशीला पीळ देत ते चारचौघांत म्हणाले, "रतिलालभाई, तुन्ही मोटारना भोंगा तेवढा मोठा शे. चाल गोगलगायनी!"

लोक हसले. रतिलालभाई हसले नाहीत. "उद्याच देखी लेऊत. शहादाथीन नंदुरबार टेसन. जो हारी, त्यानी भोंगा काढी देवाना."

भोंग्यासाठी! मित्रांनो, रबराच्या एका फुग्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुके होते. धनुबाईने भाकरी बांधून दिली आणि ती दारातच उभी राहिली. "सावकास जाजो," ती म्हणाली. भटूने मान हलवली, पण रतिलालभाई आधीच मोटारीत बसून भोंगा वाजवत होते. त्या दिवशी भटूने मला पुसले नाही. थंडीने माझी मूठ गारठली होती. कोरड्या लोखंडानेच मी मोटार जागी केली, आणि मला ते बरे वाटले नाही.

वाटेत काय झाले ते मी सीटखाली पडून ऐकले. खड्डे, कोंबड्यांचा कलकलाट, गाडीवानांच्या शिव्या. जालमसिंगांची मोटार पुढेच राहिली. आम्ही प्रकाशाला पोचलो तेव्हा ती नावेवर चढून पाण्याच्या मध्यावर होती. रतिलालभाई वाळूत येरझारा घालू लागले. नाव पलीकडे लागली, रिकामी होऊन परत आली. तोवर त्यांनी किती वेळा उपरणे झटकले असेल, देव जाणे.

आमची मोटार चढली, चाकांना दगड लागले, भटूने गिअर टाकला आणि मी मगनच्या मांडीवर गेलो. मगन मागच्या टोकाला मोठे वल्हे धरून बसला होता. नदीच्या मध्यावर आलो तोच रतिलालभाई ओरडले, "भटू, देख! देख तठे!"

पलीकडच्या काठावर जालमसिंगांची मोटार वाळूत रुतली होती. चाके जागीच फिरत होती. माणसे बैल आणायला गावाकडे धावत होती. हरलेली शर्यत पुन्हा हाताशी आली होती. काठाला लागताच निघायचे, बस्स!

त्यांनी भटूला बांबू घेऊन नाव रेटायला लावले. भटू कडेला गेला. मग काठ जवळ येताच त्यांनी स्वतःच चाकांपुढचे दगड पायाने बाजूला सारले.

"भाई, दगड ऱ्हाऊ द्या," मगन म्हणाला.

"काठ उना. आन तो हांडल."

"नाव बांधावर दिसू." दोर बांधल्यावरच देईन, ही त्याची नेहमीची रीत.

त्या काठाखाली डोह आहे. तिथे ओढ मोठी, मगनचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले. रतिलालभाई वाकले आणि त्यांनी मला त्याच्या मांडीवरून उचलले. मगनला वल्हे सोडता येईना. तो नुसता ओरडत राहिला.

रतिलालभाईंनी मला पूर्वी कधी हात लावला नव्हता. त्यांनी मूठ घट्ट आवळली, अंगठा पलीकडून. मला ओरडता आले असते तर मी सगळी तापी जागी केली असती! इंजिन अजून गरम होते. अर्ध्या फेऱ्यातच ते झटका देऊन धडधडले, भाईंचे मनगट काडकन मोडले.

"भाई, गेअरमा शे!" भटूची हाक आली, आणि हाकेपाठोपाठ तोही आला. त्याने बांबू टाकून रतिलालभाईंना बाजूला ढकलले. मी त्यांच्या हातातून निसटून फळ्यांवर आपटलो. जिथे रतिलालभाई उभे होते तिथे आता भटू होता. मोटारीने उडी घेतली, ती त्याला घेऊनच डोहात गेली.

पाणी वर उसळले आणि शांत झाले. काठ तिथून इतका जवळ होता की जालमसिंगांच्या हाकेतला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

भोयांनी दिवसभर बुड्या मारल्या. सूर्य कलल्यावर त्यांनी भटूला वर आणले. धनुबाई आली. पुष्कळ वेळ ती त्याच्याजवळ बसली. मग तिला फळ्यांवर पडलेला मी दिसलो. लोकांना वाटले, आता ही मला नदीत भिरकावणार. तिने मला उचलले, पदराने पुसले आणि विचारले, "हाऊ कोनी फिरवा?"

रतिलालभाई वाळूत बसले होते, मोडलेले मनगट पोटाशी धरून.

"मी फिरवा, धनु," ते म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिले. पुढे कित्येक वर्षे ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही. त्यांनी घरी धान्य पाठवले, तिने ते आल्या पावली परत केले. जालमसिंगांनी आपल्या मोटारीचा भोंगा काढला आणि मगनच्या झोपडीत ठेवून दिला. नाव पलीकडे असली की तिला हाक मारायला आजही तोच वाजवतात. तो वाजला की माझ्या अंगावर काटा येतो.

वल्हे हातात असले की हँडल सांभाळता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले होते. म्हणून ते काम धनुबाईने मागून घेतले. मगनची बायको सुंदरबाई हिच्या शेजारीच तिने झोपडी बांधली. मोटार आली की ती नावेवर चढते, हात पुढे करते, "हांडल दे भाऊ," म्हणते. दोर बांधेपर्यंत तो हँडल तिच्या मांडीवर. हुज्जत घालणाऱ्याला ती फक्त मला आणून दाखवते.

रतिलालभाईंनी पुन्हा मोटार घेतली नाही. बैलगाडीने नावेवर यायचे, एका टोकाला खाली मान घालून बसायचे. दुसऱ्या टोकाला धनुबाई. फळ्यांखाली तापीचे पाणी खळखळत राहायचे.

परवाच, दुसरे महायुद्ध संपल्यावर, त्यांच्या मुलाने, हिरालालने, नवी मोटार आणली. म्हातारे वडील शेजारी बसले होते. नंदुरबारच्या आगगाडीची वेळ झाली होती. धनुबाईने आपल्या टोकावरून हात पुढे केला.

"मावशी, नवी गाडी शे. काही व्हत नही," हिरालाल म्हणाला आणि हँडल हातातच ठेवून त्याने नाव सोडायची खूण केली. मगन जागचा हलला नाही.

तेव्हा रतिलालभाई उठले. त्यांचे मनगट वाकडेच सांधले होते. त्या वाकड्या हाताने त्यांनी मुलाच्या हातातला हँडल ओढून घेतला. नावेच्या त्या टोकापर्यंत ते चालत गेले आणि दोन्ही हातांनी तो धनुबाईपुढे धरला. वर पाहण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

धनुबाईने हँडल घेतला. मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "बठी जा भाई. नाव काठले लागू दे."

ते तिच्या शेजारीच, फळीवर बसले. हिरालालची गाडी चुकली. नंदुरबारला दुसरी गाडी येतेच की, मित्रांनो.

आता तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारी मोटारी येतील. पलीकडचा काठ दिसू लागला की पाय उचलतातच, मला ठाऊक आहे. तेव्हा मला मागू नका. मागितलेत तरी धनुबाई देणार नाही. आता उतरा सावकाश, फळ्या ओल्या आहेत.