माझ्या पोटातला कण

“ताई, उतरव व्होल्टेज.”

“नाही.”

“उतरव म्हणतोय ना! आत काहीतरी उड्या मारतंय.”

“मारू दे की. तुझ्या अंगावर मारतंय का?”

“पुन्हा फुटली ना, तर मी दुसरी घडवणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो.”

फुटली तर, म्हणजे मी. मी टाकी बोलतेय. चाचणीच्या हॉलमध्ये जाळीच्या आत, चार लोखंडी पायांवर आडवी ठेवलेली अल्युमिनियमची टाकी. जाळीबाहेर टेबलापाशी ही दोघं भावंडं भांडतायत. थोरली ताई व्होल्टेजच्या चाकावर हात ठेवून बसलीय. धाकट्याने कानाला हेडफोन लावलाय. त्याच्या वायरी माझ्या अंगाला दोन ठिकाणी चिकटवल्यात, म्हणून माझ्या पोटात खुट्ट झालं तरी त्याला ऐकू जातं. मागे खुर्चीत वीज कंपनीचे तपासनीस बसलेत. ते बिचारे कधी हिच्याकडे बघतात, कधी त्याच्याकडे.

आणि माझ्या पोटात आहे एक कण. धातूचा, कापलेल्या नखाच्या तुकड्याएवढा.

एवढ्याशा कणावरून एवढं रामायण कशाला, असं वाटलं असेल तुम्हाला. सांगते. मला कुणी शाळेत घातलं नाही, पण पोटात वीज घेऊन बसलं की काही गोष्टी आपोआप कळतात.

वीज मोठी उतावळी. तिला जमिनीकडे जायची घाई, आणि वाट दिसली की ती कुणाला विचारत बसत नाही. साध्या हवेत तिला थोपवायचं तर तारा लांब लांब टांगाव्या लागतात, त्यासाठी अख्खं मैदान लागतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की हवेऐवजी एक जड गॅस वापरावा. रंग नाही, वास नाही, पण दाबून भरला की विजेची वाटच अडवतो. मैदानाचं काम खोलीत मावतं. माझ्यासारख्या टाक्या जन्माला आल्या त्या यासाठी. मधोमध विजेचा दांडा, त्याला तोलून धरणारा रेझिनचा शंकू, आणि भोवती ठासून भरलेला गॅस. तो आहे तोवर मी कुणाला भीत नाही.

कण सोडून. व्होल्टेज चढलं की तळाशी पडलेल्या कणालाही जीव येतो. तो उठतो, नाचतो. नाचता नाचता शंकूवर जाऊन चिकटला, की विजेला पाय ठेवायला जागा मिळाली. मग गॅस काय कपाळ अडवणार?

मला घडवलं धाकट्याने. त्याला सगळे बापू म्हणतात. ओतकाम करून आणली तेव्हा मी नुसती खडबडीत होते. त्याने मला लेथवर चढवून आतून अशी गुळगुळीत केली, की बघून भांग पाडावा. कल्पना मात्र ताईची. तरुणपणी ती मोटारींची वाइंडिंग करायची. जळलेली मोटार का जळली, हे ज्याला त्याला विचारत, स्वतः उकलून बघत ती इथवर आली. आता केस पिकले, पण जीभ तशीच आहे. भावाच्या कामाला तिच्या तोंडून “ठीक आहे” याच्या वर शब्द निघालेला मी ऐकलेला नाही.

बापूचा एक नेम आहे. मला बंद करण्याआधी तो आतून स्पिरिटने पुसतो, मग कोरं पांढरं फडकं सगळीकडे फिरवतो आणि ताईच्या नाकासमोर धरतो. फडकं पांढरंच निघालं पाहिजे. ती ते उजेडात नेऊन उलटसुलट बघते, नाक मुरडते आणि म्हणते, “ठीक आहे.” त्यानंतर माझ्या आत कुणाचा हात जाता कामा नये. तिचासुद्धा.

तरीही पहिल्या चाचणीत घात झाला. फडकं पांढरं होतं, पण झाकणाचे बोल्ट आवळताना कुठूनसा एक कण पडला. तोही असाच नाचला, आणि एकाएकी गप्प झाला. दोघांना वाटलं, सुटलो. ताईने चाक फिरवलं, आणि माझ्या पोटात जो कडाका उडाला तो आठवला की अजून माझे बोल्ट थरथरतात. शंकू दुभंगला. आतल्या भिंतीवर काळा ओघळ उमटला, तो आजही आहे. चाचणी बघायला आलेले पाहुणे उठून गेले.

मग मी कोपऱ्यात. माझ्यावर रंगाचे डबे आले, ओले रेनकोट आले. जो तो चहाचा कप माझ्या पाठीवर ठेवून गप्पा मारायचा. लाखो व्होल्ट पोटात घेणारी मी, माझं टेबल झालं! माणसाचं मन एखाद्या वस्तूवरून उडालं, की तो तिच्यावर सामान ठेवायला लागतो. बघा तुमच्या घरात.

एकदा ताई वर्कशॉपची सरकती खिडकी पुसत होती. काचा लख्ख झाल्या, पण खालच्या खाचेतली धूळ काही निघेना. तिने फुंकर मारली, पंखा वळवला. सगळीकडची धूळ उडाली, खाचेतली ढिम्म हलली नाही. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग तसंच फडकं हातात घेऊन माझ्याकडे आली आणि पाठीवरचा कप उचलून बाजूला ठेवला.

“बापू, हिच्या तळाला चर पाडायचा.”

खोल चर, तोंड अरुंद, कडा आत वळलेल्या. तिथे विजेची ओढ पोचत नाही. नाचता नाचता कण त्यात पडला, की त्याला उठवणारं कुणी नाही. ती त्याला सापळा म्हणते.

“कण पडू नये म्हणून मी जिवाचं रान करतो,” बापू म्हणाला, “आणि तू तो पडणारच असं धरून चालतेस. म्हणजे माझ्या हातावर तुझा भरवसा नाही.”

“माझा माझ्या हातावरही नाही.”

चर त्याने पाडला, सुंदर पाडला, दुभंगलेल्या शंकूच्या जागी नवाही बसवला, पण कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नाही.

काल त्याने मला पुसलं. फडकं दाखवलं. “ठीक आहे.” तो हात धुवायला गेला, तेवढ्यात ताई एकटीच आली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला. क्षणभरच. तो आला तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी काय बोलणार? टाकीला कोण विचारतं?

आणि आज हे. टुक. टुक. टुक.

“डाव्या कानातला आवाज कमी झाला,” बापू म्हणाला. “उजव्यात वाढतोय. ताई, शंकूकडे चाललाय तो.”

“थांब जरा.”

“मागच्या वेळीही तू थांबच म्हणाली होतीस!”

तपासनीस पुढे झुकले. “बाई, बंद करायचं असेल तर करा. पण मग मला दुसऱ्यांच्या टाकीकडे वळावं लागेल. पुन्हा पुन्हा नाही येता येणार मला, राग मानू नका.”

“बसा तुम्ही,” ताई म्हणाली. चाकावरचा हात तिने काढला नाही.

कण शंकूच्या पायथ्याशी आला. एक उडी कमी पडली. दुसरी शंकूला घासून गेली. माझ्या सगळ्या बोल्टांना घाम फुटला म्हणा ना. तिसऱ्या उडीत कण शंकूवर आपटून मागे आला, चराच्या काठावर पडला, काठावरच दोनदा थडथडला, आणि आत गेला.

आवाज थांबला.

बापूचा चेहरा उतरला. “गप्प झाला. मागच्या वेळीसारखाच. शंकूवर चिकटला असणार. ताई, हात जोडतो, आता वाढवू नकोस.”

“चरात पडलाय तो.”

“तुला दिसतंय का?”

“दिसलं असतं तर सापळा कशाला केला असता?”

पडलाय रे बाबा, चरातच पडलाय, असं मी ओरडत होते. पण माझं ओरडणं म्हणजे नुसती गुणगुण. ताईने चाक फिरवलं. काटा वर सरकू लागला. मागच्या वेळी जिथे कडाका उडाला होता, तिथे आला. बापूने डोळे मिटले, पण हेडफोन काढला नाही. काटा तिथून पुढे गेला. शेवटच्या खुणेवर थांबला. तिथेच राहिला, ठरलेला वेळ संपेपर्यंत राहिला. आणि मी? होते तशीच होते, अखंड.

व्होल्टेज उतरवलं. उरलीसुरली वीज जमिनीत जावी म्हणून दांड्याला अर्थिंगची काठी टेकवली. गॅस परत सिलिंडरमध्ये ओढून घेतला. तो मोकळा सोडत नाहीत, आभाळ तापवतो म्हणतात. मग बापूने झाकण काढलं आणि बॅटरी मारली. चराच्या तळाशी कण चमकत होता. त्याने चिमट्याने तो उचलून तळहातावर घेतला. ताई हसली, अगदी पोरीसारखी.

तपासनिसांनी कण निरखून पाहिला. “सापळा चालतो. मान्य. पण पुढच्या टाक्या पुसून बंद कोण करणार?”

“मी,” बापू म्हणाला.

“मग हा आत आला कसा? पुसणाऱ्याचा हातच असा असेल, तर सापळा तरी किती कण धरेल?”

बापू लाल झाला. तपासनिसांना सोडून बहिणीकडे वळला.

“फडकं दाखवलं होतं ना तुला? पांढरं होतं की नव्हतं? बोल ना!”

ताई त्याच्या तळहातावरच्या कणाकडेच बघत होती.

“जन्मभर माझ्या कामात खोट काढलीस. आज साहेबांसमोर आयतीच सापडली! घे, ठेव जपून.” त्याने कण माझ्या पाठीवर ठेवला, अंगातला एप्रन काढला आणि तोही माझ्यावरच टाकला. “उद्यापासून तुझ्या टाक्या तू पूस. मी येणार नाही.”

झालं. पडला माझ्यावर पहिला कपडा. त्याच्या हाताशिवाय मला कोण पुसणार, माझ्या बहिणी कोण घडवणार? मागोमाग रंगाचे डबे येतील, चहाचे कप येतील. बोल ग बाई! एरवी फटाफटा बोलतेस, आताच दातखीळ बसली का?

बापू दाराशी पोचला होता. ताईने त्याचा एप्रन माझ्या पाठीवरून उचलला, झटकला, नीट घडी घातली.

“कण मीच टाकला होता,” ती म्हणाली, “तू पुसलेल्या टाकीत तो मला शोधूनसुद्धा सापडला नसता.”