न हरवलेला हिरवा परवाना

मी हिरवा परवाना बोलतोय, आणि आधीच सांगतो, माझं डोकं फिरलेलं आहे.

पूर्व जावातल्या आमच्या बंदराच्या शहरात वागिराबाई राहतात. गल्ली त्यांना इबू म्हणते, म्हणजे आई. घर त्यांचं, पण खालची जमीन सरकारी. ती वापरायची मुभा दिल्याचा कागद म्हणजे मी. दर काही वर्षांनी माझ्या पाठीवर नवा शिक्का बसला पाहिजे, नाहीतर मुभा संपली!

समोरच्या रांगेला मालकीचा दाखला मिळाला. मोजणीवाले आले, खुंट्या ठोकल्या, झालं. आमच्या दारात मात्र माझा हिरवा रंग, म्हणजे सरकारी जमीन, एवढं बघूनच माघारी फिरले. इबूंचं एकच म्हणणं, डोळे मिटायच्या आत घर पोरींसाठी पक्कं व्हावं. निदान शिक्का तरी चुकू नये.

गेल्या पावसाळ्यात घरात गुडघाभर पाणी शिरलं. इबूंनी मला वाळवलं आणि बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणलं. केवढी माया! आणि मी आत गुदमरून ओरडतोय, अहो बाई, आता शिक्का कुठे बसणार?

व्हायचं तेच झालं. कचेरीत कारकून युलियांतोनं शिक्का मारला आणि शाईचा फराटा उठला.

"इबू, हे काय करून ठेवलंत? प्लास्टिकवर शिक्का बसतो होय?"

"पाण्यानं गेला असता तर तुम्हीच ओरडला असता, दादा!"

"असला चालत नाही. हरवला म्हणून पोलिसांत लिहून द्या, नवा मिळेल."

"हा काय, माझ्या हातात आहे! हरवला कसा म्हणू? चार बाळंतपणांच्या नाळा-वारा पुरल्यात मी त्या दाराशी. त्या जागेसाठी खोटं बोलू?"

"मग मुदत संपेल. बघा बुवा."

इबू तीन दिवस धुमसत होत्या. चौथ्या दिवशी पोलिसांपुढे खाली मान घालून म्हणाल्या, "हरवला." मी तेव्हा त्यांच्या पिशवीतच होतो. माणसाला खरं बोलायची सोयच ठेवायची नाही, ही कुठली रीत हो?

नवा परवाना आला. इबूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "यात घर माझं आहे असं कुठं लिहिलंय गं?" त्यांनी थोरलीला विचारलं.

मी आता चुलीपाशी असतो. इबू माझा पंखा करून निखाऱ्यांना वारा घालतात. त्याचं मला काही नाही. पण कचेरीवाल्यांनो, पाया पडतो, त्या बाईला एकदाचं सांगून टाका, जागा तिची की नाही. नाही म्हणायचं असेल तर तेही तोंडावर म्हणा. तिला बहात्तरावं लागलंय.