बाटलीत नसलेला पीच

सेंटच्या कारखान्यात गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहिणाऱ्या बाईंना सगळेच वहिनी म्हणत. त्यांचा धाकटा दीर खाली मिश्रणखात्यात कामाला होता. वहिनी नोकरीला लागल्या त्या पहिल्याच दिवशी त्यानं जिन्यातून "वहिनी, डबा खालीच राहिला तुमचा" अशी हाळी दिली, आणि तेव्हापासून दरवानापासून मोठ्या साहेबांपर्यंत त्या सगळ्यांच्या वहिनी झाल्या.

वहिनींचा एक नेम होता. आपल्या सहीच्या वर खोटं वाक्य लिहायचं नाही. हा नेम त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. सांगत सुटलं की नेमातलं निम्मं बळ सांगण्यातच जातं, असं त्यांना वाटे. पण पत्रांच्या टेबलावर बसून असला नेम पाळायचा म्हणजे तारेवरची कसरत. "तुमच्या सेंटमुळे माझं लग्न जमलं" असं कुणी कळवलं, की वहिनी लिहीत, "आपलं लग्न जमलं हे वाचून फार आनंद झाला." कुणी लिहिलं की सेंटनं मानेवर पुरळ उठलं, तर "पुरळ लवकर बरं व्हावं अशी मनापासून इच्छा आहे." मोठ्या साहेबांना वाटे, बाई भारी हुशार आहे, शब्दांत सापडत नाही.

त्या वर्षी पीचचं सेंट निघालं. खोक्यावर अर्धा कापलेला पीच, आणि खाली नाकसाहेबांची ओळ: 'पहाटेच्या दवात भिजलेला लाजरा पीच.' नाकसाहेब म्हणजे वास-खोलीचे प्रमुख. पांढरा कोट घालत, डोळे मिटून बोलत, आणि अकरा वर्षांत कांदा खाल्ला नाही हे दिवसातून एकदा तरी समोरच्याच्या कानावर घालत.

सेंट बाजारात गेलं आणि पत्रांचा पाऊस सुरू झाला. निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, "पीच लगेच येत नाही. सुसंस्कृत पाहुण्यासारखा दारात जरा थांबतो." एका डॉक्टरीणबाईंना पीचची लव गालाला लागल्याचा भास झाला. एका गृहस्थांनी तर दोन पानं भरून पिकलेला पीच, अर्धकच्चा पीच आणि पीचची बी असे तीन वेगवेगळे वास ओळखले होते आणि बक्षीस आहे का, म्हणून विचारलं होतं.

पत्रं वाचून वहिनींच्या तोंडाला पाणी सुटलं. पीच म्हणजे त्यांचा जीव की प्राण. लहानपणी फळ हातात आलं की त्या आधी देठापाशी नाक लावून बसत. आई म्हणायची, "खाणार आहेस का त्याला, की लग्न लावणार आहेस त्याच्याशी?" म्हणून त्यांनी नमुन्याची बाटली मागून घेतली, मनगटावर दोन थेंब लावले आणि डोळे मिटले.

फूल आलं. चंदनासारखं काहीतरी लाकूड आलं. जरासा अंगाचा साबण आला. पीच आला नाही.

त्या वास-खोलीत गेल्या. नाकसाहेब डोळे मिटून म्हणाले, "वहिनी, पीच तिसऱ्या तासाला उलगडतो."

वहिनी चौथ्या तासाला परत आल्या. "नाही हो उलगडला."

"भाजी चिरलीत का सकाळी?"

"रोजच चिरते."

"मग," नाकसाहेब म्हणाले, आणि त्यांनी डोळे उघडले, म्हणजे विषय संपला.

वहिनी जिना उतरून मिश्रणखात्यात गेल्या. तिथे भिंतीला लागून पिंपं उभी होती, प्रत्येकावर चिठ्ठी. भाऊजी लांब दांड्याच्या पळीनं काहीतरी ढवळत होते. कोपऱ्यात पीचचं निळं पिंप होतं, आणि त्याच्या झाकणावरचं मेणाचं सील जसंच्या तसं होतं.

"भाऊजी, हे उघडलंच नाही का अजून?"

भाऊजींनी पिंपाकडे पाहिलं. मग खुंटीला अडकवलेल्या कृतीच्या कागदांकडे पाहिलं. तिसरं पान उलटलं, तर ते चिकटलेलं निघालं. नखानं सोडवलं तेव्हा आत चौथं पान होतं, आणि त्यावर पहिल्याच ओळीत पीच.

"काहीतरी सांडलं असेल यावर," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "दीड महिना मी तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जातोय, वहिनी." पळी हातातच राहिली. "कळलं तर उभ्याउभ्या घालवतील मला."

"मी कशाला सांगू," वहिनी म्हणाल्या. पण सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. रोज पंचवीस पत्रांना उत्तरं त्यांनाच द्यायची होती.

त्या दिवसापासून वहिनींची लेखणी अधिकच जपून चालू लागली. "आपल्याला पीच जाणवला हे वाचून आश्चर्य आणि आनंद वाटला." खरं होतं. विशेषतः आश्चर्य. "आपल्या नाकाचं करावं तितकं कौतुक थोडंच." हेही एका अर्थी खरंच. बक्षीस विचारणाऱ्या गृहस्थांना त्यांनी कळवलं, की असे तीन वास ओळखणारे आपण एकमेव आहात.

मग फळबाजारातल्या बाईंचं पत्र आलं. वहीच्या फाडलेल्या पानावर, पेन्सिलीनं.

"मी तीस वर्षं फळबाजारात पीच निवडते. डोळे मिटून पेटीवरून हात फिरवते आणि कुठलं फळ उद्या पिकेल, कुठलं परवा, ते वासावर सांगते. सुनेनं तुमची बाटली दिली. तिच्यात पीच नाही. पैसे परत नकोत. नाक गेलं असेल तर मला काम सोडावं लागेल, म्हणून विचारते. पीच आहे का नाही, एवढंच लिहा."

आता इथं शब्दांआड लपायला जागाच नव्हती. वहिनी ते पत्र घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि मजकूर सांगायला घेतला: "लिहा. आमचा पीच सूक्ष्म आहे. तो अनुभवायला संस्कारित नाक लागतं. बाजारातल्या उग्र वासांमुळे आपलं नाक..."

"साहेब, त्या काम सोडतील."

"सोडू देत की. आपल्याकडे कुठे आहेत त्या कामाला?"

पत्र तीन दिवस टेबलावर पडून राहिलं. चौथ्या दिवशी घरी जेवताना वहिनींचा घास तोंडाजवळ थांबलेला सासूबाईंनी पाहिला. "काय गं, बिघडलंय का काही?"

भाऊजींनी मान खाली घातली. वहिनींनी सगळं सांगून टाकलं. ज्याच्याबद्दल सांगायचं तो समोरच बसलेला होता, त्यामुळे चुगलीचं पापही नव्हतं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "धाकट्या, पान चिकटलं तुझं आणि नोकरी जायची त्या बाईची. हे कुठलं गणित?"

"माझी गेली तर, आई?"

"तर तू दुसरी बघशील. तुझं नाक शाबूत आहे. तिला वाटतंय आपलं गेलं."

"नाक शाबूत असतं तर दीड महिना कळलं नसतं का मला," भाऊजी पुटपुटले. मग म्हणाले, "लिहा वहिनी. माझं नाव नका घालू, एवढं करा. म्हणजे, घातलंत तरी... नका घालू."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी लिहिलं, "आपलं नाक ठीक आहे. या बाटलीत पीच नाही. चुकून घालायचा राहिला आहे. आपण काम सोडू नये." खाली सही केली. नियमाप्रमाणे पत्र पाकिटात घालण्याआधी साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या, डब्यासकट. घरी पाठवलंच तर डबा घ्यायला टेबलापर्यंत जायला नको.

तासाभरात भाऊजींना बोलावणं आलं, नाकसाहेबांना आलं, हिशेबनीसांना आलं. दार बंद झालं. बाहेर बसून वहिनी मनातल्या मनात स्तोत्र म्हणत होत्या. ते तीनदा पुरं झालं. मग आतून हसण्याचा आवाज आला.

"वहिनी, या, या," मोठे साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा उजळला होता. "अहो, चारशे बारा लोकांना पीच आला, तोही न घालता. अशी करामत कुठल्या कारखान्याला जमलीय? ते पीचचं पिंप सगळ्यात महागडं आहे, माहितेय ना?"

नाकसाहेबांनी डोळे मिटले. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, हा पीच अनुपस्थितीतून बोलतो."

"तुम्ही तिसऱ्या तासाला म्हणत होतात," वहिनी म्हणाल्या.

"तोच तो."

पाच मिनिटांत सगळं ठरलं. खोक्यावर नवी ओळ येणार होती: 'पीच, जो फक्त तुम्हाला जाणवतो.' भाऊजींना बढती, कारण पान न उलटण्याचा अनुभव कारखान्यात त्यांनाच जास्त होता. भाऊजी वहिनींकडे बघत नव्हते. ते पिंप खाली ठेवायचं की विकायचं, असं काहीतरी विचारत होते.

"आणि तुमचं पत्र सुरेख आहे," साहेबांनी ते पुढे केलं. "एकच शब्द बदला. 'चुकून' काढा, 'मुद्दाम' घाला."

वहिनींनी पत्र हातात घेतलं. एवढ्या माणसांमध्ये त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आताही बोलल्या नाहीत. "तेवढं जमायचं नाही, साहेब."

"एक तर शब्द आहे, वहिनी."

"हो. खाली सही माझी आहे."

"सही बदलता येते," साहेब गोड आवाजात म्हणाले.

तशी ती बदललीच. पत्रांच्या टेबलावर गळ्यात मफलर घालणारे एक नवे गृहस्थ आले, आणि वहिनी तळमजल्यावर खोकी भरणाऱ्या बायकांत गेल्या. जाताना त्यांनी ते पत्र मात्र 'चुकून'सकट पाकिटात घालून, स्वतःचं तिकीट लावून, कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.

घरी सासूबाई एवढंच म्हणाल्या, "खाली बसायला पाट तरी देतात का?" भाऊजी आठवडाभर जेवून लगेच उठत. मग एका संध्याकाळी त्यांनी वहिनींच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या भरून ठेवला. कधी नव्हे ते. वहिनी पाणी प्यायल्या आणि त्या विषयावर पडदा पडला.

पंधरा दिवसांनी कारखान्यात वहिनींच्या नावानं एक लाकडी पेटी आली. गवतात ठेवलेले चाळीस पीच. पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी: "वरची ओळ आज खा, मधली उद्या, खालची परवा. काम सुरू आहे."

दरवानानं पेटी चुकून आधी वास-खोलीत नेली होती. तिथून ती तातडीनं खाली आली, मागोमाग नाकसाहेब रुमाल नाकाला लावून. "हे काय आहे? माझं अख्खं दुपारचं काम बिघडलं."

"पीच आहेत," वहिनी म्हणाल्या.

नाकसाहेबांनी एक उचलला, हुंगला, परत ठेवला. "जरा भडक नाही वाटत? खरा पीच असा अंगावर येत नाही."

खोकी भरणाऱ्या बायकांना हे पटलं नसावं, कारण त्यांनी वरची ओळ तिथल्या तिथे संपवली. वहिनींनी आपलं फळ लगेच खाल्लं नाही. देठापाशी नाक लावून त्या किती तरी वेळ बसून राहिल्या. शेजारची म्हणाली, "अहो वहिनी, खोक्यांचा पट्टा सुरू होईल आता." तेव्हा त्यांनी चावा घेतला, रस कोपरापर्यंत ओघळला, आणि तोवर पट्टा सुरू झालाच. नळ अंगणापलीकडे. बायकांनी चिकट हात तसेच पदराला, ओढणीला पुसले आणि खोकी भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी मधली ओळ, तिसऱ्या दिवशी खालची.

महिन्याअखेरीस पत्रांच्या टेबलावरचे ते मफलरवाले गृहस्थ जिना उतरून आले. हातात पत्रांची जुडी.

"वहिनी, जरा मदत करा. सतरा तक्रारी आल्यात. सगळ्यांचं एकच म्हणणं, खोक्याला कसला तरी गोड, ओलसर वास मारतो, सेंटमधल्या पीचची मजा जाते. काय लिहू?"

वहिनींनी एक खोकं मिटलं, चिकटपट्टी लावली. "खरं ते लिहा."

"खरं काय आहे?"

वहिनींनी सांगितलं.

गृहस्थांनी जुडीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि मफलर सारखा केला. "नको," ते म्हणाले. "खोकी बदलतो म्हणून लिहितो."