दार कापलं तो दिवस

मित्रांनो, मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे आणि माझं एका पिवळ्या स्कूलबसशी वैर आहे. बसला त्याचा पत्ताही नाही, हेच जास्त झोंबतं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कोठारात मी घडले. व्हर्डा टॅडलॉक आणि तिचा नवरा हॉयट यांनी एक साधी घरगुती गाडी आणली, तिच्या पोटात लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला, मोठं इंजिन घातलं. त्या काळी मातीच्या ट्रॅकवर बाईमाणसाला कोणी उभं करत नसे. पहिल्याच शर्यतीत क्लीट नावाचा ड्रायव्हर तिला म्हणाला, "बाई, घरी ओव्हनमध्ये बिस्किटं करपत असतील."

"करपू देत. तू माझ्या मागेच असशील, वास तुला येईल."

आणि तो मागेच राहिला!

पुढे कित्येक वर्षं व्हर्डा माझी एकटीची होती. शर्यतीच्या लोकांत भुईमुगाच्या शेंगा अपशकुनी मानतात. माझ्याजवळ कोणी शेंग फोडली की ती त्याला हाकलून लावायची. मग एका वळणावर आम्ही भिंतीवर आदळलो. मला ठोकून सरळ केलं, तिचा गुडघा मात्र कायमचा गेला. मी कोठारात आले आणि ती शाळेची बस चालवू लागली.

त्या ढबोल्या बसला ती रोज सकाळी पुसते. मुंगीच्या पावलांनी चालवते. पोरं आत शेंगांची टरफलं टाकतात, ती हसत हसत झाडते. माझा नुसता जळफळाट होतो.

गेल्या वर्षी ट्रॅकवाल्यांनी जुन्या ड्रायव्हरांना मानाची एक फेरी मारायला बोलावलं. मी हरखून गेले. पण आम्हा शर्यतीच्या गाड्यांची दारं वेल्डिंग करून बंद केलेली असतात, आत खिडकीतूनच शिरावं लागतं. व्हर्डाने पाय उचलला. गुडघा वळेना. पुन्हा प्रयत्न केला, मग दमून उपड्या बादलीवर बसली.

"बसच नेऊ या का?" हॉयट हळूच म्हणाला. "पोरंही खूश होतील."

माझी फेरीही त्या बसला! मी आतून थंड पडले. व्हर्डा माझ्याकडे बघत राहिली.

"दार काप," ती म्हणाली.

"कापलं तर सांगाडा कमजोर होईल, ही परत कधी शर्यतीत उतरायची नाही."

"मी तरी कुठे उतरणार आहे?"

गॅसची ज्योत अंगावर आली. फार भाजलं, पण मी हूं की चूं केलं नाही. त्या फेरीला सगळा ट्रॅक उभा राहिला. पोरांना घेऊन आलेली बस पार्किंगमध्ये होती. तिच्यासमोरून जाताना मी मुद्दाम जरा जास्तच गुरगुरले.

आता शर्यत माझ्या नशिबात नाही. पण बस लावून झाली की व्हर्डा येते आणि माझ्यात घटकाभर बसते. तेवढा वेळ मला कोणाचा हेवा वाटत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूवरून नुसतं फडकं मारून निघून जाऊ नका. तिच्याजवळ जरा बसा. ती कधीपासून वाट बघत असते, पण हाक मारता येत नाही तिला.