मी करकरले नाही

मित्रांनो, नाटकवाले जिला 'लेव्हल' म्हणतात, ती मी. रंगमंचावर मांडायचा लाकडी चौथरा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. वय झालं आता एकवीस वर्षांचं. माझ्यावर कितीतरी पावलं नाचून गेली, पण मला सांगायचं आहे ते एकाच बाईबद्दल. ते सांगताना मला अजून लाज वाटते.

नागपूरच्या लकडगंजातून सागवान आणून ओमप्रकाशभाऊंनी मला घडवलं. एका संगीत नाटकमंडळीचे ते सुतार. शेवटचा खिळा ठोकल्यावर त्यांनी माझ्या चारही पायांवर हातोडीचा दांडा वाजवला, कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "आता हत्ती नाचला तरी हालत नाही हे." ती माझी पहिली शाबासकी. मी फुशारले.

देवकी आली ती त्याच वर्षी. सावनेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, वय एकोणीस. खापरखेड्याच्या वसाहतीत आत्याकडे राहायची आणि रोज बसने तालमीला यायची. सुरुवातीला ती नाचणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेत होती. पण तिची टाच लाकडावर पडली की मला कळायचं, ही पोर निराळी आहे. आमचे दिग्दर्शक कृष्णकांत सर फारसं कौतुक करणारे नव्हते. त्यांनीही एक दिवस तिला बोटाने खूण करून पुढे बोलावलं.

नाटक नागपूरच्याच इतवारी पेठेतल्या विणकरांवर होतं. त्यातल्या एका गाण्यात देवकी एकटी माझ्यावर नाचायची. टाचेने असा काही ठेका धरायची की हातमागच चालू आहे असं वाटावं. खट-खटाक, खट-खटाक. मग उंच उडी, गिरकी आणि नेमकी माझ्या मध्यावर येऊन थांबणं. चंद्रपूर, अमरावती, भंडारा, जिथे गेलो तिथे लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मला वाटायचं, त्यातल्या अर्ध्या माझ्याच.

मग नाटक दोन वर्षं बंद पडलं. मला एका मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. भिंत ओली होती. माझ्या मागच्या डाव्या पायात वाळवी शिरली. आतून पोखरलं जात होतं, वरून काळा रंग तसाच चकचकीत. हे फक्त मला माहीत होतं.

नाटक पुन्हा उभं राहिलं. पहिल्या प्रयोगाला टेम्पो उशिरा पोचला. प्रेक्षक दारात उभे, आत धावपळ. दर प्रयोगाआधी ओमप्रकाशभाऊ माझे पाय वाजवून बघत. त्या दिवशी त्यांनी हातोडी उचलली, तेवढ्यात कोणीतरी पडद्याची दोरी अडकली म्हणून हाक मारली. ते गेले ते गेलेच.

पहिल्या गाण्याला देवकी माझ्यावर चढली आणि माझा पाय किंचित दबला. मित्रांनो, मला करकरता आलं असतं. जुनं लाकूड करकरतं, त्यात नवल ते काय? एक आवाज पुरे होता. पण मनात आलं, आवाज केला तर उद्या मला मोडून चुलीत घालतील, दुसरी लेव्हल येईल, टाळ्या तिला मिळतील. मी सगळा जोर लावून पाय धरून ठेवला आणि गप्प बसले.

तिसऱ्या गाण्यात ती उडी आली.

माझा पाय मोडला. मी कलंडले आणि तिचा गुडघा माझ्या कडेवर आपटला. लोकांना वाटलं हा नाचाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. देवकीने बसल्या जागी तळहाताने ठेका पुरा केला. पडदा पडल्यावरच ती ओरडली.

विंगेत कृष्णकांत सर म्हणाले, "लेव्हल कोणी तपासली होती?"

ओमप्रकाशभाऊंनी मान खाली घातली. तेवढ्यात बाकावर आडवी असलेली देवकी म्हणाली, "माझाच पाय चुकला सर. मी कडेवर उतरली, म्हणून ते कलंडलं."

गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, उड्या मारता येणार नाहीत. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

ओमप्रकाशभाऊंनी मला नवा पाय बसवला. जुना पाय हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिले होते. वाळवीबद्दल कोणाला सांगितलं नाही. मीही नाही.

देवकी आठ महिन्यांनी काठी टेकत तालमीला आली आणि येऊन बसली ती माझ्यावरच. तिच्या जागी नूपुर नावाची मुलगी नाचत होती. तिला गिरकी काही केल्या जमेना. देवकीने दोन बोटं माझ्या फळीवर उभी केली, जणू ती माणसाची पावलं. "इकडं बघ वं. वजन आधी डाव्यावर घे, मग फिर." बोटं फिरली. नूपुरही फिरली. हळूहळू सगळ्या मुली माझ्याभोवती गोळा होऊ लागल्या. असे किती नाच तिने बोटांनी बसवले! लोक तिला नृत्यदिग्दर्शिका म्हणू लागले. पण मुली निघून गेल्या की तिची बोटं एकटीच ती जुनी उडी मारायची. अशा वेळी मला वाटायचं, वाळवीने मला पुरतं खाल्लं असतं तर बरं झालं असतं.

कृष्णकांत सर थकले आणि त्यांनी मंडळी तिच्या हाती दिली. तिने दिग्दर्शित केलेलं पहिलं संगीत नाटक साफ पडलं. प्रेक्षक दोन रांगा, त्यातही नातेवाईक. दुसरं बरं चाललं. तिसऱ्याने तिचं नाव झालं. आज मिहानच्या कंपन्यांत नोकरी करणारी पोरंपोरी रविवारी तिच्याकडे नाचायला येतात.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी तालमीआधी ओमप्रकाशभाऊ माझे नटबोल्ट आवळत होते. हात थांबवून एकदम म्हणाले, "देवकीताई, त्या दिवशी मी तपासलं नव्हतं. चूक माझी होती."

"मले माहीत आहे, भाऊ."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले काढून टाकलं असतं. आन..." ती माझ्यावर बसली. "मलेही पहिल्या गाण्यातच समजलं होतं. पायाखाली दबून राहिलं होतं. विंगेत येऊन सांगता आलं असतं मले. पण टाळ्या वाजत होत्या ना. मी नाही थांबली."

भाऊंचे डोळे भरले. "चौदा वर्षं झाली ताई. मले धड झोप नाही."

"तेच तर चुकलं माझं," देवकी म्हणाली. "मले वाटलं, तुम्हाले वाचवलं. तुम्ही जळून राहिले होते, ते पाहिलंच नाही मी."

त्या दिवशी तालीम उशिरा सुरू झाली. देवकीने मुलांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकही. मग म्हणाली, "पायाखाली काही वाटलं तर 'थांबा' म्हणायचं. प्रयोग चालू असला तरी."

दोन महिन्यांनी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. सभागृह भरलेलं, गाणं रंगात आलेलं. आणि नाचणाऱ्यांच्या शेवटच्या रांगेतली रोशनी माझ्यावर पाय ठेवताच ओरडली, "थांबा!"

वाद्यं थांबली. प्रेक्षकांत कुजबुज, मागून एक शिटी. देवकी लंगडत रंगमंचावर आली, हात जोडले, पाच मिनिटं मागितली. ओमप्रकाशभाऊ गुडघ्यांवर बसले आणि भर प्रेक्षकांसमोर माझा एकेक पाय वाजवला. काही नव्हतं. माझ्यावर अंथरलेल्या जाजमाची घडी तेवढी तिच्या पायाखाली आली होती.

रोशनी रडायलाच लागली. "चुकलं माझं, ताई. सगळा प्रयोग खराब केला मी."

"काही खराब नाही झालं वं," देवकी म्हणाली. "परत वाटलं तर परत थांबव." आणि वादकांना म्हणाली, "पहिल्यापासून घ्या."

मित्रांनो, पुऱ्या सागवानाची असून मला जे जमलं नाही, ते त्या पोरीने केलं. आतून काही पोखरत असेल, दुखत असेल, तर रंग चकचकीत ठेवून गप्प बसू नका. आणि ज्यांच्या अंगावर तुम्ही रोज पाय देता, त्यांना अधूनमधून वाजवून बघा.

ओमप्रकाशभाऊ आणि देवकी एकमेकांशी बोलून मोकळे झाले. ती आजही येऊन माझ्यावर बसते, काठी शेजारी ठेवते. तिला वाटतं, त्या दिवशी गप्प राहणारे दोघंच होते.