निबंधात मेलेली आत्या

माझ्या नणंदेला स्वतःच्या मरणाची बातमी लसूण सोलताना कळली.

माझ्या धाकट्या लेकीला मेडिकलच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत निबंध पाठवायचा होता: मला डॉक्टर का व्हायचंय. गेल्या वर्षी ती याच पायरीवर घसरली होती, म्हणून यंदा शिकवणी लावली. निबंधवाल्या सरांनी तिचं लिखाण बाजूला सारून नवं बनवून दिलं. तेच ती मला वाचून दाखवत होती. ‘...माझा हात घट्ट धरून आत्याने अखेरचा श्वास घेतला. त्याच क्षणी मी ठरवलं...’

“कोणाच्या आत्यानं?” वन्संनी सुरी खाली ठेवली. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होत्या, हळू बोलणं ठाऊकच नाही. “माझा थांबा यायचाय अजून. मधेच कोणी उतरवलं मला?”

“सर म्हणाले, एक तरी मरण लागतंच. त्याशिवाय समिती विरघळत नाही.”

“मग म्हणावं, स्वतःची आत्या मारा!”

मला हसू आलं, पण उद्या मुदत संपत होती.

“वन्सं, खोट्या मरणानं आयुष्य वाढतं म्हणतात,” मी चाचरत म्हटलं.

“वहिनी, तुम्हीसुद्धा?” मग त्या भाचीकडे वळल्या. “तू काय लिहिलं होतंस, ते वाच.”

धाकटीने वाचलं. वन्संच्या पित्ताशयातल्या खड्यांची गोष्ट होती. डॉक्टर खाटेपाशी उभे राहून त्यांच्या भावाशी, म्हणजे आमच्या ह्यांच्याशीच बोलत होते, “बाईंना काही सांगू नका, घाबरतील.” बाई टक्क जाग्या, कान शाबूत. शाळकरी धाकटी म्हणाली, “पोट तिचं आहे, तिला सांगा ना.” डॉक्टर हसले. “तू डॉक्टर आहेस का?”

निबंधाचा शेवट असा होता: ‘त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. म्हणून हा अर्ज.’

वन्संनी तिच्या हातातून कागद घेतला आणि शेवटची ओळ पुन्हा मोठ्याने वाचली. 

धाकटीने सरांना फोन लावला. “सर, मी माझाच पाठवतेय.”

“अगं, वाचणारे डॉक्टरच असतात! त्यांच्या तोंडावर हे बोलणार?”

“मग काय पाठीमागे बोलू, सर?”

फोन ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. लोकांच्या शर्टांच्या कॉलर शिवून शिवून मी या पोरीला इथवर आणलं, ते काय एका फटकळ वाक्यापायी घालवायला? “हुकलं तर?” मी विचारलं.

“तर पुढच्या वर्षी हेच पाठवीन.”

“आणि मी पुढच्या वर्षीही जिवंतच असेन,” वन्सं म्हणाल्या. “तेवढं लिही खाली.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “लिही. ठळक लिही.”

धाकटीने खरंच लिहिलं: ‘आत्या हयात आहे. तिच्याशी थेट बोलावं.’ आणि अर्ज पाठवून दिला.

सरांच्या निबंधात वन्संनी लसणाची सालं गुंडाळली आणि पुढची गड्डी फोडायला घेतली.